कॅप्टन भरतीचा चौथा अंक

९ जून, सोमवार

ही डायरी सुजयची, माझ्या नवऱ्याची. कंपनीने जानेवारीत वाटलेली. वर सोनेरी अक्षरं, प्रत्येक पानाखाली एक सुविचार. १९ फेब्रुवारीपर्यंत त्याचं अक्षर आहे. रोज शिफ्ट लिहायचा, फर्स्ट, सेकंड किंवा नाइट, आणि त्याखाली आमच्या कॉमिकसाठी सुचलेला एखादा विनोद. त्यापुढे कोरी. एवढी चांगली पानं फुकट कशाला घालवायची, म्हणून मी लिहिते. सुविचार आधी खोडते.

आज सकाळी तीस मूर्तींची आखणी झाली. ठाण्याची कुणी बाई कारखाना बघायला आली होती, तिने विचारलं आखणी म्हणजे काय. म्हटलं, डोळे. सगळा रंग झाला की शेवटी डोळे काढायचे, आणि आमच्या काळुराम मूर्तिकारांच्या कारखान्यात ते सून काढते, म्हणजे मी, नमिता. "तुम्ही यात जीव ओतता हो," म्हणाली. मी म्हटलं, जीव ओतायला भटजी असतात, आम्ही रंग ओततो. बाबा (माझे सासरे) तोंड फिरवून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले बहुतेक.

मी बरी आहे. जेवते, झोपते. हात कापत नाही. आळीतल्या बायकांना माझी काळजी आहे, कारण मी रडले नाही. एकीने सांगितलं, "गो, एकदा मोठ्यानं रडून घे, मोकली होशील." मी म्हटलं, बघते, सीझन संपू दे.

१७ जून, मंगळवार

सुजयचा फोन मी चालू ठेवलाय. कॉमिकच्या मागच्या पानावर तोच नंबर छापलेला आहे ना. आज वाजला. नाव आलं 'जिते भरती तक्रार'.

हे जगनकाका. जित्याला राहतात, जन्मभर मिठागरात काम केलेला माणूस. सुजय सांगायचा यांच्याबद्दल, मी बोलले आज पहिल्यांदा. हॅलो म्हणायच्या आत सुरू. "तिसरा अंक आत्ता वाचला. नवमीला सकाली धा वाजता भरती? कोन्या समुद्राची? नवमीला भरती पावनेसातला. धाला तुझा कॅप्टन चिखलात लोलत असंल!"

चूक आमचीच. कॅप्टन भरतीला शक्ती येते ती फक्त भरतीला. ओहोटी लागली की असेल तिथे झोपतो, एसटीत, झाडावर, एकदा तर चोराच्याच खांद्यावर. अंगावर कारखान्यातली निळी ताडपत्री, तीच त्याची केप, उडताना फडफड फडफड आवाज. त्याचा शत्रू डॉक्टर ओहोटी काहीच करत नाही. खुर्ची टाकून बसतो आणि सहा तास वाट बघतो. दर वेळी जवळजवळ जिंकतो. तेव्हा भरतीची वेळ चुकली म्हणजे सगळंच चुकलं. खाडीकाठच्या माणसाला हे कसं चालेल? त्यांचं गणित तोंडपाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.

"लेखक कुठं हाय?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, शिफ्टला गेलेत.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून आलं. आता काय परत फोन करून सांगायचं?

२६ जून, गुरुवार

रोह्याहून गोविंदा आला. सुजयचा शाळेतला मित्र, रोह्यात त्याचा छोटा छापखाना आहे, आमचे तिन्ही अंक त्यानेच छापले. चहा घेतला, बाबांशी पावसाचं बोलला, मग हळूच म्हणाला, "वहिनी, गणपती झाले की मी छापखाना बंद करतोय. मशीन विकलं. चौथा अंक द्यायचा असेल तर अनंत चतुर्दशीच्या आत द्या. मला छापायचाय. सुजयसाठी."

चौथा अंक कपाटात आहे. चोवीस पानं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोलिसांनी फेब्रुवारीत बाइकबरोबर परत दिली ती पिशवी. एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. कमाल आहे.

आमची पद्धत अशी होती. चित्रं मी काढायची, फुगे रिकामे ठेवायचे. डोळेही ठेवायचे. सगळ्या पानांवर सगळी माणसं बिनडोळ्यांची. मग सुजय नाइटला मधल्या सुट्टीत बसून फुग्यांत अक्षरं भरायचा. पानं परत आली की मी सगळ्यांचे डोळे एका बैठकीत काढायचे, सकाळी. सुजय म्हणायचा, कॉमिकला कशाला हे सोवळं? पण कारखान्यात शिकलेल्या माणसाला डोळे आधी काढताच येत नाहीत. आणि दुपारच्या उजेडात तर नाहीच. सकाळचा उजेड सरळ असतो.

तर चौथ्या अंकाचे फुगे भरलेले आहेत आणि डोळे नाहीत. एवढंच काम राहिलंय. एका सकाळचं.

गोविंदाला म्हटलं, देते.

५ जुलै, शनिवार

पिशवी काढली. पहिलं पान समोर घेतलं. शून्य नंबरचा ब्रश भिजवला. मग उजेड नीट वाटला नाही. ढग होते. पिशवी ठेवून दिली.

त्याच उजेडात नंतर बावीस मूर्तींची आखणी केली.

१४ जुलै, सोमवार

जगनकाकांचा फोन. चौथा अंक कधी? म्हटलं, काम चालू आहे. "लेखकाला दे." शिफ्टला आहेत. "काय गो, कवा बी फोन करा, शिफ्टला. कंपनी हाय का तुरुंग?" मी म्हटलं, डबल करतात हल्ली. "झोपू दे त्याला जरा. माझा मोठा पोरगा बी असाच होता. जाग्रान करून डोले अर्धे मिटलेले सदा."

मी म्हटलं, सांगते.

मग पंचांग काढून मी भरतीचं गणित शिकून घेतलं. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला गच्चीवर गेले. खाडी लांबून दिसते. पाणी होतं.

२५ जुलै, शुक्रवार

उल्हासनगरचा धनेशशेठ टेम्पो घेऊन आला, दीडशे मूर्ती उचलल्या. दरवर्षीचा माणूस. एक मूर्ती हातात धरून तिरकी केली, सरळ केली. म्हणाला, "काळुरामशेठ, यंदा बाप्पाची नजर काय वेगळीच—"

"पावसाच्या आधी निघ," बाबा मध्येच म्हणाले. "वडखळला ट्रॅफिक हाय."

बाबांनी असं कोणाचं बोलणं तोडलेलं मी आठ वर्षांत पाहिलं नाही. व्यापाऱ्याशी तर तोंडात साखर. बरं, पाऊस नव्हता. मला वाटतं बाबा थकलेत. हल्ली रोज सकाळी मी यायच्या आधी कारखान्यात येऊन बसतात, आदल्या दिवशी आखलेल्या मूर्तींसमोर. नुसते बसतात. चहा गार होतो. वय झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

धनेशशेठने अकरा मूर्ती परत पाठवल्या. मी विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, "टेम्पोत हादरल्या." मी बघितल्या, कुठे टवकासुद्धा नाही. बाबांनी त्या स्वतः उचलून माळ्यावर ठेवल्या, एकेक करून, गुडघे दुखत असताना. वर ताडपत्री टाकली.

पैसे बुडायचे तर बुडोत, पण खोटं कशाला बोलायचं? मीही जगनकाकांशी दर फोनला खोटं बोलतेच म्हणा.

पिशवी काढली नाही. सध्या वेळ नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज लिहिणार नव्हते.

दुपारी एक उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा कारखान्यात आला. हातात आमचे तीन अंक, गुंडाळी करून. "जिते," म्हणाला आणि हसला. गणपती न्यायला आलो, कॅप्टनच्या घरचाच न्यायचा ठरवलाय. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबा कोपऱ्यात मुकुटाला सोनेरी लावत होते.

काका रांगेतून फिरले. एका मूर्तीपुढे थांबले, मग पुढच्या, मग तिच्या पुढच्या. चष्मा काढून पुसला. मग गुंडाळी उलगडली, तिसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ मूर्तीच्या तोंडाशेजारी धरलं आणि एवढे हसले की खोकला आला.

"अगो, तू गनपतीला कॅप्टनचा डोला लावलास!"

मी म्हटलं, काहीतरीच.

"ह्यो बघ. डावा. पापनी अर्धी खाली. ओहोटी लागायच्या टायमाला कॅप्टन असाच दिसतो. सगल्यांना लावलायस, ही बघ, ही बघ." त्यांना फार मजा वाटत होती. "कुठं हाय लेखक? बोलव त्याला, दाखवतो."

मी म्हटलं, शिफ्टला गेलेत.

बाबांच्या हातातला ब्रश थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण थांबलेला कळला. मग बाबा उठले, आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लेखक माझा पोर होता. फेब्रुवारीत गेला. बाइकवर. ही बोलत नाय, तर मी सांगतो."

काकांनी हातातले अंक खाली ठेवले. मग परत उचलले, नीट एकावर एक लावले. कोणीतरी म्हणालं चहा घ्या, बहुतेक मीच.

ते गेल्यावर मी मूर्ती बघितल्या. सगळ्या. पहिली रांग, दुसरी, मागची. मग शिडी लावून माळ्यावरच्या अकरा. ताडपत्री काढली. डावी पापणी सगळ्यांची अर्धी उतरलेली. उजवा डोळा लखलखीत, आणि डावा असा, नाइट करून आलेला. कॅप्टनचा डोळा मी सुजयवरूनच काढला होता. लहानपणापासून त्याची ती पापणी तशीच. फोटो काढताना मी ओरडायचे, डोळा उघड, आणि तो म्हणायचा, उघडाच आहे.

मी एकही मुद्दाम काढलेला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी बाबांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं.

"पयल्या दिवशी."

मग बोललात का नाही? धंदा आहे, व्यापारी माल परत करतात, लोक काय म्हणतील, झोपाळू गणपती? मला रागच आला. खरा राग, बऱ्याच महिन्यांनी.

बाबा म्हणाले, "मना वाटला तुला ठावं हाय. मंग कलला तुला ठावं नाय. बोललो आसतो तं तू बंद केला आसतास." चहाच्या कपाकडे बघत होते. "मी रोज सकाली येऊन त्याला बघत होतो."

मी म्हटलं, मी पुसून परत काढते.

"हात लावू नको," बाबा म्हणाले. एवढ्या जोरात की बाहेर कुत्रं उठलं.

आता एक गोष्ट लिहून टाकते. बाबांना माहीत नाही, किंवा असेलही, त्यांना काय काय माहीत असतं ते मला आता सांगता येत नाही.

नाइट झाली की सुजय कंपनीतच दोन तास पडायचा आणि मग बाइक काढायचा. त्याचा नियम होता. २० फेब्रुवारीला सव्वासातला मी फोन केला. म्हटलं, फुगे भरले का? म्हणाला, भरले, शेवटचं पान तर असं झालंय, बघशीलच. म्हटलं, मग लगेच नीघ. म्हणाला, जरा पडतो गं, डोळा उघडत नाही. मी म्हटलं, "झोपत बसू नकोस, माझा उजेड जाईल."

असं म्हटलं मी. माझा उजेड.

तो निघाला. नागोठण्याच्या अलीकडे बाइक दुभाजकावर गेली. मध्ये दुसरी गाडी नाही, काही नाही. डोळा लागला असणार, पोलीस म्हणाले. ऊन स्वच्छ होतं. मी पाट मांडून, ब्रश भिजवून बसले होते. साडेअकरापर्यंत मला त्याचा राग येत होता.

मी त्याला मारलं. कॉमिकसाठी. तीनशे प्रती छापणाऱ्या कॉमिकसाठी.

हे लिहिलं तरी काही झालं नाही. वरणाला फोडणी दिली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. यंदा आपल्या घरी सण नाही. कारखान्यातली शेवटची मूर्ती काल संध्याकाळी गेली. माळ्यावरच्या अकराही गेल्या, ऐन वेळी धावत येणारे लोक असतात ना, त्यांनी नेल्या. डोळ्यांबद्दल एकाने विचारलं नाही. एक बाई उलट म्हणाली, किती शांत दिसतोय.

सगळीकडून आरत्या ऐकू येत होत्या. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "किती घरांत गेला गो पोर."

मला चीड येते अशा बोलण्याची. पण मनात मोजत होते. चारशे बारा.

३१ ऑगस्ट, रविवार

जगनकाकांकडचं विसर्जन. त्यांनी तीनदा फोन केला, म्हणून आम्ही दोघं जित्याला गेलो. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. बरोबर सहाला खाडीला पाणी टम्म. काका छातीभर पाण्यात उतरले, आमच्या कारखान्यातून नेलेली मूर्ती डोक्यावर. शेवटचं तिला वळवून आमच्याकडे तोंड केलं, एवढं मात्र त्यांनी मुद्दाम केलं. मग सोडली. बाबांनी हात जोडले नाहीत. हात वर केला, स्टेशनवर करतात तसा.

परत येताना काका मला म्हणाले, "तू मना दोन महिने फसवलास."

म्हटलं, हो.

"बरा केलास. मना पन तेवढा तो जित्ता मिलाला." मग नाक शिंकरलं. "चवथा अंक वाचल्याबिगर मी मरायचा नाय. मंग ओहोटी लागली तरी चालंल. भरतीची वेल तेवढी तपासून घे."

४ सप्टेंबर, गुरुवार

गोविंदाचा सकाळी फोन, उद्या शेवटचा दिवस, परवा मशीन उचलणार. म्हटलं, आणते. फोन ठेवला आणि उजेड बघितला, चांगला होता. पिशवी काढली नाही. भांडी घासली. कपडे वाळत घातले. पाऊस आला, काढले. जेवण झालं. तीन वाजले, आभाळ भरून काळोखी आली, तेव्हा कारखान्यात ट्यूबलाइट लावली आणि पाटावर बसले. उजेडाची वाट बघायची नाही, एवढं ठरवलं होतं.

पान एक. कॅप्टनचे डोळे, एसटी कंडक्टरचे डोळे. हात चालू लागला. मी फुगे वाचत नव्हते, आधी डोळे. सातव्या पानापर्यंत. सातव्यावर नाही राहवलं, कॅप्टन रोहा स्टेशनच्या छपरावर झोपलाय आणि खाली अनाउन्समेंट होतेय की छपरावरील प्रवाशाने घोरणे थांबवावे. मी फस्सकन हसले. एकटीच, रिकाम्या कारखान्यात. मग वाचत वाचत गेले.

शेवटाआधी डॉक्टर ओहोटी वाट बघून बघून स्वतःच खुर्चीत झोपतो. कॅप्टन त्याला पकडत नाही. आपली ताडपत्री त्याच्या अंगावर टाकतो आणि घरी जातो. हे आमचं ठरलेलं होतं. शेवटचं पान मी तसंच काढलं होतं, दारात कॅप्टन, समोर त्याची बायको. तीन अंक ती नुसती आतून ओरडायची, इथे पहिल्यांदा दिसते. तिच्या फुग्यात काय असणार ते सुजय सांगत नव्हता. मला वाटलं होतं, नेहमीसारखा टोमणा. पिठाच्या गिरणीत जा, वगैरे.

त्याच्या अक्षरात, सरळ, जरा उजवीकडे कललेलं:

"आलास? आधी झोप. उजेड उद्यापण येईल."

मी ते बऱ्याच वेळा वाचलं. त्या रात्री मधल्या सुट्टीत बसून त्याने लिहिलेलं, मला चिडवायला. मी वाचून चिडणार आणि मग हसणार म्हणून. सव्वासातला मी फोनवर ओरडत होते तेव्हा हे त्याच्या पिशवीत होतं, आणि तो निघाला. का निघालास रे? स्वतः लिहिलंस ना?

मग रडले. आळीला कळवायला हरकत नाही, मोठ्याने रडले. बाबा दारात आले. आत नाही आले, तिथेच उंबऱ्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पानं भिजवू नको."

भिजवली नाहीत.

बायकोचे डोळे काढले. माझेच निघाले, बरे आलेत. राहिला शेवटच्या चौकटीतला कॅप्टन. आमच्या कारखान्यात मिटलेले डोळे कोणी काढत नाही, देवाचे डोळे उघडेच असतात, मला कोणी शिकवलंच नाही. मी बारीक ब्रश घेतला आणि डावी पापणी, जी सदा अर्ध्यावर असायची, ती पूर्ण खाली आणली. मग उजवी. दोन रेघा. दारातच उभ्या उभ्या झोपलाय.

ट्यूबलाइटखाली काढलेत तरी सरळ आलेत.

पानं पिशवीत भरली. उद्या सकाळच्या मेमू गाडीने रोह्याला जाते. बाबा म्हणतात, मी पण येतो.

आणि हो, तपासलं. सोळाव्या पानावर एकादशी आहे, रात्री सव्वाआठची भरती. बरोबर आहे. जगनकाकांना फोन करून सांगते.